होयचं दार, नाहीचं दार

खासदारसाहेबांना मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते आमच्या मोरीमागच्या गवतात काठी आपटत उभे होते, आणि आई आतून ओरडत होती, "नंदे, बघ गं कोण कडमडलंय तिथं, घोरपड आहे का माणूस!" माणूस होता. चांगला उंच, पाठीत जरासा वाकलेला, खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, आणि वर मात्र कडक इस्त्रीचा शर्ट आणि टाय. सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्या चिकचिक घामाच्या सकाळी टाय! मला हसूच फुटलं. त्यांनी हॅट काढून मला, म्हणजे शाळेच्या पिनाफोरमधल्या एका हडकुळ्या पोरीला, अदबीनं गुड मॉर्निंग केलं आणि विचारलं, हे पाणी इथं कधीपासून तुंबतंय? मी म्हटलं, आम्ही राहायला आलो तेव्हापासून. मग तक्रार कुणाकडे केली? कुणाकडेच नाही. त्यांनी मान हलवली, हॅट घातली आणि गेले. दुसऱ्याच दिवशी कंपनीची माणसं येऊन गटार उपसून गेली. आई म्हणाली, "देवमाणूस दिसतोय. पण मोजे का घालतो गं एवढे?"

आमचं घर म्हणजे खरं तर दुसऱ्याच्या घराची मागची बाजू होती. पुढं मोठा काळा-पांढरा बंगला, इंग्रजांनी आपल्या आरमारी अधिकाऱ्यांसाठी बांधलेला, खाली खांब, वर रुंद व्हरांडा, उन्हासाठी बांबूच्या चिकांचे पडदे. मागं पूर्वीच्या नोकरचाकरांच्या खोल्या आणि स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे छप्पर घातलेली एक वाट. बंगल्यात जहाजदुरुस्तीच्या यार्डाचे मॅनेजर राहायचे, आणि मागच्या खोल्या कंपनीनं बाबांना दिल्या होत्या, कारण बाबा त्याच यार्डात इंजिनियर होते. हे म्हातारे गृहस्थ मॅनेजरांचे सासरे. बायको वारली, इंग्लंडातलं घरदार विकलं आणि लेकीकडं येऊन राहिले. त्यांचं आडनाव लांबलचक होतं, दोन आडनावं मधे रेघ मारून जोडलेली, आईला ते काही केल्या उच्चारता येईना. एके काळी हे गृहस्थ लंडनच्या पार्लमेंटात निवडून गेलेले होते असं बाबांना कळलं, तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. "आयला, म्हणजे खासदार! अगं, आपल्या मोरीमागं खासदार येऊन गेला!" झालं, त्या दिवसापासून ते खासदारसाहेब.

त्या घरातले आवाज मला अजून ऐकू येतात. पहाटे यार्डाचा भोंगा, मग दिवसभर जहाजांच्या पोटाचा गंज काढतानाचा ठणठणाट, लांबून येणारा, कानाला सवय झाली की उलट बंद पडल्यावर दचकायला व्हायचं. कोकीळ तर बाराही महिने ओरडायची. आई म्हणायची, "हिला वसंत-बिसंत काही कळत नाही, नुसती बोंब." आई साताऱ्याकडची, वाईच्या वरच्या अंगाच्या एका गावातली पाटलाची लेक. सिंगापुरात येऊन तिनं सगळ्याशी जमवून घेतलं, फक्त भाकरी सोडली नाही. ज्वारीचं पीठ तेव्हा इथं कुठून मिळणार? बाबांच्या ओळखीचे जहाजावरचे मराठी लोक मुंबईहून येताना आणायचे, आणि त्या बदल्यात आमच्याकडं जेवायचे. त्यातले सावंतकाका आमचे सगळ्यात लाडके. मालवणचे, जहाजावर सेकंड इंजिनियर. त्यांचं जहाज गोदीत लागलं की मुक्काम आमच्याच खोलीत, जमिनीवर चटई टाकून. बांगडे आणायला आईबरोबर बाजारात जायचे आणि चिनी कोळणीशी मालवणीत घासाघीस करायचे. ती तिच्या भाषेत, हे यांच्या भाषेत, आणि बांगडे मात्र दोघांच्या मनासारखे तोलले जायचे.

भाकरी थापल्याचा आवाज वाटेवरून बंगल्यात जायचा. एकदा तो ऐकून खासदारसाहेब दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, हे काय वाजतंय? आईनं त्यांना पाटावर बसवायचा प्रयत्न केला, ते काही गुडघे मुडपून बसेनात, मग माझ्या अभ्यासाची खुर्ची दिली. गरम भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा, बाजूला पिठलं. पहिला घास खाल्ल्यावर त्यांनी भाकरी उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाले की त्यांच्या गावाकडं म्हातारी माणसं चुलीवर अशीच जाड रोटी करायची, ओटच्या पिठाची. मी आईला सांगितलं. आई खूश. "विचार त्यांना, शेत किती होतं म्हणावं." अशी त्यांची मैत्री सुरू झाली, आणि मधली दुभाषी मी. आईचं इंग्रजी बाजारापुरतं, आणि त्यांचं मराठी म्हणजे "बास", "अजून" आणि "झकास". तेवढ्यावर ती दोघं तासन् तास बोलायची आणि माझा घसा कोरडा पडायचा.

काय बोलायची? शेतीचं, दुसरं काय! त्यांच्या वाडवडिलांची मोठी जमीन, दगडी घर, कुळं, मेंढरं, कुंपणं. कुंपणांवर तर ते इतकं बोलायचे की मी भाषांतर करताना मधलं गाळायची. तिकडं म्हणे बांधावर काटेरी झुडपं लावून त्यांच्या फांद्या अर्धवट कापून आडव्या विणतात, आणि ते कुंपण जिवंतच राहून वाढतं. आई म्हणायची, "सांग, आमच्याकडं निवडुंग असतो. विणायला नको की काही नको, आपोआप वाढतो मेला." ते मोठ्यांदा हसायचे. रोज सकाळी ते बंगल्याच्या आवाराला काठी टेकत फेरी मारायचे, जणू अजून आपल्याच शेतावर आहेत. कुठल्या झाडाला वाळवी लागली, कुठं माकडांनी फणसाचा चेंदा केला, सगळं बघायचे आणि येऊन आईला सांगायचे. मला तेव्हा वाटायचं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. आता कळतं की खरंच नव्हता, आणि त्याचंच त्यांना दुःख होतं.

दर शनिवारी सकाळी मात्र ते व्हरांड्याच्या खालच्या पायरीशी खुर्ची टाकून बसायचे. तिकडं मतदारसंघात असताना ते शनिवारी गावच्या शाळेत बसायचे म्हणे, आणि ज्याला जी अडचण असेल तो येऊन सांगायचा. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचं पेन्शन अडलंय, शेजाऱ्याची गाय कुणाच्या वाटाण्यात शिरली. ते मला म्हणाले होते, "पार्लमेंटात भाषण ठोकणं सोपं असतं गं. गळक्या छपराखाली भिजणाऱ्या, समोर बसलेल्या बाईला 'बघतो' म्हणणं फार अवघड." सवय सुटेना म्हणून इथंही बसायचे. पहिल्यांदा कुणी येईना. मग बंगल्याचा तमिळ माळी आला, मग शेजारच्या बंगल्याची आया, मग हळूहळू यार्डातलेही कुणीकुणी. कुणाची कंपनीनं राहायची जागा बदललेली, कुणाची रजा अडकलेली. खासदारसाहेब सगळं ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जावयाचं डोकं खायचे. मॅनेजर एकदा बाबांना म्हणाले, "जगताप, माझ्या घरात विरोधी पक्ष राहतो."

धरणाची गोष्ट त्यांनी सांगितली ती अशाच एका शनिवारी. तक्रारवाले येऊन गेले होते, आई त्यांच्यासाठी ताक घेऊन गेली होती, आणि मी अर्थातच बरोबर. आईनं सहज विचारलं, एवढी जमीन होती तर विकली कशाला? ते काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले. मग सांगायला लागले, आणि मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. त्यांच्याच मतदारसंघातलं एक खोरं होतं. शहराला पाणी हवं म्हणून तिथं धरण बांधायचं ठरलं. एक आख्खं गाव उठणार होतं, चर्चसकट, स्मशानासकट. गावकरी शनिवारी शाळेत आले आणि म्हणाले, आमच्या बाजूनं उभे राहा. हे म्हणाले, बघतो. पुढं पार्लमेंटात मतदान आलं. तिथं हात वर करून मतदान होत नाही. सभागृहाच्या दोन बाजूंना दोन दारं असतात, होय म्हणणाऱ्यांनी एका दारानं बाहेर जायचं आणि नाही म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या. पक्षाचा आदेश होयचा होता. "होयच्या दाराशी गर्दी होती," ते म्हणाले, "सगळे माझे मित्र, हसतखिदळत चाललेले. नाहीच्या दाराशी चारदोन माणसं. मी गर्दीबरोबर गेलो. पायच गेले." पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना पाडलं. ते म्हणाले, बरोबर केलं. पण त्यानंतर त्या मुलखात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, आणि घरही नकोसं झालं.

आईनं ताकाचं भांडं खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "त्यांना सांग, माझं माहेर पण असंच धरणाच्या पाण्याखाली आहे." मला हे माहीत होतं, पण तिच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. मी सांगितलं. ते उभे राहिले, हॅट काढली, आणि आईची माफी मागितली. आई गोंधळली. "अगं, यांनी थोडंच बुडवलं आमचं गाव! सांग त्यांना, ताक प्या म्हणावं." तरी ते उभेच. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं. आमच्या तिकडच्या धरणाबद्दल, तिच्या वडिलांपासून सरकारपर्यंत, कुणीच तिला "वाईट वाटलं" असं म्हटलं नव्हतं. एका परक्या म्हाताऱ्यानं म्हटलं.

दोन दारांची ती गोष्ट बाबांना फार आवडली. धरणाचा भाग नाही, दारांचा. बाबांना सभा, भाषणं, टाळ्या असल्या गोष्टींचं वेड. इथं ते भागत नव्हतं, त्यामुळं बाबा आंघोळ करतानाही "बंधूंनो आणि भगिनींनो" करायचे. त्यांनी रविवारच्या जेवणानंतर आमच्या स्वयंपाकघरात पार्लमेंट भरवायचं ठरवलं. स्वयंपाकघराला दोन दारं होतीच. एक मागं, धुणं वाळत घालायच्या तारांकडं, आणि एक पुढं, बंगल्याकडच्या वाटेवर. पुढचं होयचं, मागचं नाहीचं. खासदारसाहेब पाहुणे आणि नियमांचे जाणकार. माझा थोरला भाऊ अजित पॉलिटेक्निकमध्ये होता, त्याला हा सगळा येडेपणा वाटायचा, तरी तो थाळीवर चमचा बडवून मतदानाची घंटा वाजवायचा आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणायचा, "फास्ट फास्ट लाह, मला मॅच आहे." सभासद तिघं. बाबा, अजित आणि मी.

आणि सभापती आई. हा बाबांचाच निर्णय. आपल्याकडं अध्यक्षपद कुणाला देतात? ज्याचा मान राखायचा असतो पण ज्यानं मधे बोलायला नको असतं त्याला. शाल घाला, नारळ द्या, खुर्चीत बसवा, मोकळे व्हा. बाबा म्हणाले, "तू बस वरती, अगं. तुला कुठं भाषणं जमतात?" आई पोळपाटाशेजारच्या उंच स्टुलावर बसली, हातात पळी. पण तिकडच्या नियमांत एक मजा होती, ती बाबांच्या ध्यानात नंतर आली. सभागृहात कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, जे बोलायचं ते सभापतींना. त्यामुळं बाबांना आईकडं तोंड करून "सभापती महोदया" म्हणावं लागायचं. लग्न झाल्यापासून बाबांनी तिला "अगं" सोडून काही म्हटलं नव्हतं. पहिल्या रविवारी महोदया इतकी लाजली की पळी खाली पडली. पुढं मात्र ती चांगली सरावली. "खाली बसा, तुमची वेळ संपली," हे ती बाबांना असं म्हणायची की खासदारसाहेब टेबलावर हात आपटून दाद द्यायचे. टाळ्या वाजवायच्या नाहीत, तोही नियम होता. मतदानाचे विषय काय, तर टीव्ही घ्यावा का, शनिवारी मासे करावेत का. तीन मतं, त्यामुळं निकाल नेहमी स्पष्ट लागायचा, आणि सभापतींनी नुसता जाहीर करायचा.

मग तो रविवार आला. गोदीत जहाज लागलं होतं आणि सावंतकाका जेवायला होते. बाबांनी भात कालवता कालवता सांगून टाकलं, की शाळेची परीक्षा झाली की नंदाला पुण्याला पाठवायचं. तिथल्या सख्ख्या काकांकडं राहील, तिथंच कॉलेज करेल. मी हातातला घास ताटात ठेवला. मला इथंच ज्युनियर कॉलेज करायचं होतं, पुढं वकिली शिकायची होती, हे बाबांना पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, मी जाणार नाही. बाबांचा आवाज चढला. "तुला विचारलंय का कुणी?" आईनं आमटी वाढायची थांबवली. आणि मी, राग आला की माझी जीभ कुणाच्या ताब्यात राहत नाही, म्हटलं, "मग सभागृहात मांडा! टीव्हीचं मांडता, माशांचं मांडता, माझं नाही मांडत?" खासदारसाहेब समोर बसलेले. बाबांनी त्यांच्याकडं बघितलं, सावंतकाकांकडं बघितलं आणि हसले. "मांडतो की! घाबरतो की काय? पुढच्या रविवारी. जो निकाल लागेल तो मला मान्य. आणि सावंत, तुम्ही पण सभासद." म्हणजे बाबांनी हिशेब केला होता. सावंतकाका त्यांच्या ताटात जेवणारे, आणि अजित मोठा मुलगा, बापाच्या शब्दाबाहेर कशाला जाईल?

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बाबा सावंतकाकांना यार्डाजवळच्या कॉफीशॉपमध्ये नेऊन कोपी, म्हणजे इथली घट्ट दुधाची कॉफी, पाजत होते. मी अजितची इस्त्री करून देत होते, बूट पुसत होते, आणि तो नुसता म्हणायचा, "सी फर्स्ट लाह," म्हणजे बघू. आईशी मी बोललेच नाही. तिला मत नव्हतं, मग तिच्याशी बोलून काय उपयोग, असा माझा विचार. शनिवारी मी खासदारसाहेबांच्या रांगेत जाऊन उभी राहिले, माळ्याच्या मागं, आणि माझी पाळी आल्यावर म्हटलं, तुम्ही बाबांना सांगा ना, तुमचं ऐकतील. "मी तुमच्या घरात पाहुणा आहे," ते म्हणाले. मला रडू आलं. तेव्हा ते म्हणाले, "एक सांगतो. उद्या बोलताना वडिलांकडं बघू नकोस, चिडशील. नियम आहे तो पाळ. सभापतींकडं बघून बोल."

रविवारी आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. का केल्या कोण जाणे, सण नव्हता. ताटं उचलल्यावर आई स्टुलावर बसली आणि बाबा उभे राहिले. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, "सभापती महोदया, माझ्याकडं कंपनीचा पास आहे, इथं राहायची परवानगी तेवढीच. कंपनीनं उद्या म्हटलं जा, तर आपल्याला बॅगा भरून निघायला लागेल. मग ही पोर मधेच शिक्षण सोडून कुठं जाईल? इथली म्हणून हिला कुणी ठेवून घेणार नाही, आणि तिकडं गेली तर तिकडची राहिलेली नसेल. आत्ताच मला इंग्रजीत उत्तरं देते. माझी लेक माझ्या माणसांत वाढावी, एवढंच मला वाटतं. यात माझं काय चुकलं ते सभागृहानं सांगावं." सावंतकाकांनी डोळे पुसले. मलाही वाईट वाटलं, खरं सांगते. बाबांचं काही खोटं नव्हतं. आज इथल्या पाया लेबार भागातल्या ऑफिसांत काम करणारी पुण्याकडची मुलं-मुली माझ्याकडं सल्ला विचारायला येतात, पासचं नूतनीकरण होईल का या काळजीत, तेव्हा मला बाबांचंच ते भाषण ऐकू येतं.

मग मी उभी राहिले. पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. सवयीनं बाबांकडं वळत होते, पण आठवण झाली आणि आईकडं बघितलं. इतकं समोरून, इतका वेळ, मी तिच्याकडं कधी बघितलं होतं? स्वयंपाक करताना तिची पाठ दिसायची, बोलताना दोघींचे हात कामात असायचे. स्टुलावर ती अगदी ताठ बसली होती आणि पळी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी म्हटलं, "सभापती महोदया, मला इथं शिकायचंय. पास गेला तर गेला, तेव्हा मी पण बॅग भरेन तुमच्याबरोबर. पण तुम्ही सगळे इथं आणि मी एकटी तिकडं, हे मला नको." मी खाली बसले.

अजितनं थाळी बडवली. बाबा पुढच्या दाराकडं निघाले, मान ताठ. सावंतकाका उठले, "वहिनी, माफ करा हां, ज्याचं मीठ खाल्लं," असं पुटपुटले आणि बाबांच्या मागं होयच्या दारानं गेले. मी नाहीच्या दारानं मागं गेले, कपड्यांच्या तारांखाली जाऊन उभी राहिले, आणि माझं सगळं संपलं असं मला वाटलं. एवढ्यात पावलं वाजली. अजित! खिशात हात घालून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वॉट? मला तिकडच्या दारात ऊन लागतं." मी त्याच्या दंडाला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला.

दोन विरुद्ध दोन. सगळे परत आत आलो. बाबांनी खासदारसाहेबांना विचारलं, आता काय? त्यांनी शांतपणे सांगितलं आणि मी भाषांतर केलं, कारण दुसरं कुणी करणारं नव्हतं. मतं समसमान झाली तर निर्णय सभापतींचं मत करतं. बाबा थक्क. ज्या बाईला मधे बोलायला नको म्हणून खुर्चीत बसवलं, तिच्याच हातात सगळं आलं होतं. आईचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा खासदारसाहेबांनी तिला एक सोय सांगितली. त्यांच्याकडं अशी रीत आहे म्हणाले, की अशा वेळी सभापती स्वतःचं मत सांगत नाही. जे जसं चाललंय ते तसंच चालू ठेवायच्या बाजूनं मत देतो. नंदा आज इथं राहते, तर इथंच राहील. मिसेस जगतापांनी कुणाची बाजू घेतली असं कुणालाही म्हणता येणार नाही.

मी हे आईला सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग बाबांकडं. आमच्या घरात बाबांच्या समोर ती कधी नाही म्हणाली नव्हती. ती स्टुलावरून खाली उतरली, पळी ओट्यावर ठेवली. "साहेबांना सांग, तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "पण नियमामागं लपून नको. उद्या हे म्हणतील, हिनं काही ठरवलं नाही, साहेबांच्या नियमानं ठरवलं. मी ठरवते. माझी पोर पुण्याला जाणार नाही. ती इथं शिकेल. मला शिकू दिलं नाही, तिला मी शिकवणार." आणि चालत चालत मागच्या दारानं, नाहीच्या दारानं, बाहेर गेली. खासदारसाहेब उभे राहिले. ती परत येईपर्यंत ते उभेच होते.

बाबांनी शब्द पाळला. पाहुण्यासमोर दिलेला शब्द, मोडणार कसा? पण पुढं बरेच दिवस ते आईशी थेट बोलले नाहीत. "अजित, सभापतींना सांग, आमटीत मीठ कमी आहे." आईचं उत्तर, "सांग त्यांना, मिठाची वाटी समोरच आहे." शेवटी एकदा अजित वैतागून जेवणावरून उठून गेला आणि निरोप्याच उरला नाही, तेव्हा दोघांना हसू आलं. सावंतकाका जहाजावर गेले ते जाताना मला म्हणाले, "गो चेडवा, मी चुकीच्या दारान गेलंय, पण बरां झालां ता झालां." पुढं मॅनेजरांची बदली झाली आणि खासदारसाहेब लेकीबरोबर इंग्लंडला परतले. निघताना त्यांनी आईसमोर हॅट काढली आणि मराठीत म्हणाले, "झकास." आई त्या दिवशी फार रडली, मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त.

मी ज्युनियर कॉलेज केलं, वकील झाले, इथल्याच एका ऑफिसात लोकांच्या घरांची कागदपत्रं करत निवृत्त झाले. बाबा गेले. आई आता इथंच सिंगापुरात, क्वीन्सटाउनला, माझ्याच फ्लॅटमध्ये असते, कानाला यंत्र, पण नजर तीच. जिथं जाईन तिथं मी ही गोष्ट सांगत आले, की आईनं मला शिक्षणासाठी ठेवून घेतलं, बाबांविरुद्ध उभी राहून. माझ्या आठवणींतलं हे प्रकरण लिहून झालं तेव्हा मी तिला वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून सगळं ऐकलं, मधेमधे हसली. वाचून संपल्यावर म्हणाली, "छान लिहिलंयस. पण ते शिक्षणाचं खोटं आहे."

"खोटं? आई, तूच म्हणाली होतीस, माझ्यासमोर!"

"म्हणाले गं. चारचौघांत दुसरं काय सांगणार होते?" तिनं यंत्र कानात नीट बसवलं, जणू स्वतःचं बोलणं तिलाच ऐकायचं होतं. "हे पहाटे यार्डात जायचे. अजित त्याच्या पोरांत. साहेबांशी दोन शब्द बोलायचे तरी तू मधे लागायचीस. तू गेली असतीस तर मी त्या घरात दिवसभर कुणाशी बोलणार होते, भिंतींशी? मला भीती वाटली, नंदे. शिकलीस, बरंच झालं. नसतीस शिकली तरी मी तुला जाऊ दिलं नसतं."

मी कागद मांडीवर घेऊन बसले. मग विचारलं, "मग ते शिक्षणाचं खोडू?"

"खोडू नको, म्हणाले होते ते राहू दे," आई म्हणाली. "पण खाली लिही. लिही, आईला एकटीला राहायचं नव्हतं."